मृतांची फिर्याद

भुताखेतांच्या कथांना आधुनिक साहित्यात आणि आधुनिक विचारात काही मानाचे स्थान असावे की नसावे, हा प्रश्न सांगलीत निघाला म्हणजे तो निव्वळ वाङ्मयीन राहत नाही; कारण ज्या कृष्णाकाठी १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले आणि पुढे राळेच्या भडक्यात आरोळ्या ठोकीत प्रवेशणाऱ्या राक्षसाने प्रेक्षकांना भयाचाही आस्वाद घेता येतो हे शिकवले, त्याच काठी आजही एखाद्या सुनेला ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून देवऋषीपुढे बसवले जाते, आणि या दोन गोष्टींचे एकमेकींशी नाते काय, याचा निवाडा केल्यावाचून त्या प्रश्नाला हात घालता येत नाही. हा निवाडा करू पाहणारी दोन माणसे माझ्या परिचयाची आहेत. एक अप्पा, महसूल खात्यात कारकुनापासून चढत अव्वल कारकून होऊन निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर जपानी साहित्याच्या वाचनात बुडून गेलेले; दुसऱ्या त्यांच्या दिवंगत मित्राची कन्या, मिरजेत मनोविकारांची चिकित्सा करणाऱ्या डॉक्टर, ज्यांनी विद्यार्थिदशेपासून अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम केले आहे. पितृपंधरवड्यात त्यांच्यात झालेला वाद मी येथे देत आहे, आणि मधूनमधून माझे मतही सांगणार आहे. कारण या विषयात तटस्थ राहणे मला जमत नाही, आणि ते इष्टही वाटत नाही.

अप्पा : माझी उभी हयात मयतांच्या नोंदी करण्यात गेली. खातेदार मयत झाला की वारसांची वर्दी येते, फेरफार धरला जातो, हरकतीची मुदत उलटते, नोंद प्रमाणित होते आणि सातबाऱ्यावर त्याच्या नावाला कंस पडतो. इतके झाले की सरकारच्या दृष्टीने तो माणूस खरोखर मेला. परंतु ज्याला वारस नाही, ज्याच्या हक्काची नोंद हयातीतच कोणी केली नाही, ज्याचे मरण कोणाच्या तरी अपराधाने घडले आणि त्या अपराधाचा पंचनामा झाला नाही, त्याचे नाव कोणत्या दप्तरात जावे? आपल्या लोकांनी त्याच्यासाठी निराळे दप्तर ठेवले. मुंज होऊन लग्नाआधी दगावलेला मुलगा पिंपळावरचा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, निपुत्रिक मेलेल्या आणि धनात जीव गुंतलेल्या ब्राह्मणाचा समंध होतो, पाण्यात बुडालेला गिऱ्हा होऊन डोहापाशी बसतो. ही यादी भयाची आहे असे आपण समजतो. मला ती अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची वर्गवार नोंदवही वाटते.

डॉक्टर : वर्गवार म्हणता तसे जातवारही म्हणा, अप्पा. ब्राह्मणाचे भूत निराळे, इतरांची निराळी, मुसलमानाचा खवीस त्याहून निराळा. चितेत आणि मातीत ज्यांच्यातला भेद मिटला, त्यांना तुमच्या या नोंदवहीने पुन्हा आपापल्या आळीत नेऊन बसवले. आणि हडळीचे उदाहरण तर तुम्ही घ्यायलाच नको होते. वेळेवर दाई आली नाही, रक्तस्राव थांबवण्याची विद्या घरात कोणाला नव्हती, कोवळ्या वयात लागोपाठ बाळंतपणे लादली गेली, म्हणून ती मेली. आणि जो समाज तिला वाचवू शकला नाही त्याने तिचे पाय उलटे केले, केस मोकळे सोडले, तिच्या प्रेताच्या वाटेवर राळे पसरले आणि ती परत येऊ नये म्हणून उंबऱ्याला खिळे ठोकले. याला तुम्ही फिर्याद म्हणता? येथे फिर्यादीलाच आरोपी केले आहे.

अप्पा : हे तू म्हणतेस ते नाकारण्याची माझी छाती नाही. पण हाच मृत्यू जपानी कथेने कसा सांगितला ते ऐक. मिठाईच्या दुकानात रात्री दुकान बंद होण्याच्या वेळेला एक फिकट बाई येते, एका नाण्याची मिठाई घेते आणि निघून जाते. असे काही रात्री चालते, मग तिच्याजवळची नाणी संपतात, दुकानदाराला संशय येतो, तो तिच्या मागोमाग दफनभूमीपर्यंत जातो आणि तिथे एका नव्या थडग्यातून त्याला तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येते. गर्भार असताना मेलेल्या त्या बाईला थडग्यात मूल झाले होते आणि त्याला जगवण्यासाठी ती मिठाई नेत होती. क्योतो शहरातल्या एका दुकानात त्या कथेच्या नावाची मिठाई आजही विकली जाते. मृत्यू तोच, दैन्य तेच, दाईचा अभावही बहुधा तोच. परंतु आपल्या कथेने त्या बाईच्या हाती सहसा काहीच दिले नाही, आणि त्यांच्या कथेने तिच्या हाती मूल दिले. भुताची गोष्ट क्रूरच असावी लागते असे नाही. सांगणाऱ्याला त्यात निवड करता येते, आणि जिथे निवड आहे तिथे साहित्य आहे.

डॉक्टर : जपानला इतके उंच बसवू नका. त्यांच्या रंगभूमीवर १८२५ साली आलेल्या ‘योत्सुया काइदान’ नाटकात ओइवा नावाची बाळंतीण आहे. तिला औषध म्हणून विष पाजले जाते, तिचा चेहरा विद्रूप होतो, ती तडफडून मरते आणि मग भूत होऊन नवऱ्याचा सूड घेते. ते नाटक लोक आजही पाहतात. मला त्यात एवढेच दिसते की बाईचे म्हणणे ऐकले जावे अशी इच्छा असेल तर तिने आधी मरावे, अशी दोन्ही देशांतल्या कथांची अट आहे.

हे वाक्य अप्पांना लागले असावे, कारण ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एकदम घरचे उदाहरण काढले, आणि ते इतके समर्पक होते की त्याचा विस्तार करणे मला अवश्य वाटते. ‘गुरुचरित्रा’च्या विसाव्या अध्यायात शिरोळच्या एका ब्राह्मण स्त्रीची कथा आहे, शिरोळ म्हणजे येथून काही कोसांवरचे गाव, आणि कथेचा उत्तरार्ध घडतो तो कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, औदुंबराच्या छायेत. तिची मुले जगत नाहीत. शोध घेता कळते ते असे, की मागल्या जन्मी तिने शौनकगोत्री ब्राह्मणाचे शंभर रुपयांचे ऋण घेऊन बुडवले होते, त्या दुःखाने त्याने आत्मघात केला, आणि आता तो पिशाच होऊन तिच्या वंशाचा उच्छेद करीत आहे. येथवर ही कोणत्याही देशातली सूडकथा आहे. परंतु पुढे श्रीगुरू त्या पिशाचाला मारून हाकलीत नाहीत, त्याचे म्हणणे ऐकून घेतात, त्याची और्ध्वदेहिक क्रिया झालेली नाही हे मान्य करतात, आणि ऋणको व धनको यांच्यात मध्यस्थ होऊन बाईच्या ऐपतीप्रमाणे फेडीची तडजोड घडवून आणतात. देवऋषीच्या धुरीत आणि या तडजोडीत जे अंतर आहे ते मला फार मोलाचे वाटते.

अप्पा : पाहिलेस ना? भुताचा दावा आहे, तो दावा दाखल करून घेतला आहे, त्याची चौकशी झाली आहे आणि हुकूमनामाही झाला आहे. कृष्णाकाठच्या माणसाला भुताकडे पाहण्याची ही रीत चार-पाच शतकांपूर्वी ठाऊक होती.

डॉक्टर : दावा कोणावर आहे हेही पाहा. मुले दगावली आईची, आणि त्याचे कारण निघाले आईचेच पूर्वजन्मीचे कर्ज! ज्या जन्माची तिला आठवण नाही, ज्या व्यवहाराचे खत कोणी पाहिलेले नाही, त्याच्या वसुलीसाठी तिच्या पोटची मुले गेली असे तिला सांगण्यात आले, आणि तिने ते मान्य केले. माझ्याकडे मुले गमावलेल्या बाया येतात, अप्पा. त्यांच्या दुःखाइतकाच त्यांना खाणारा दुसरा रोग म्हणजे आपलेच काही चुकले असावे ही समजूत. आणि ती समजूत त्यांच्या मनात अशा सुंदर कथांनीच पेरलेली असते.

येथे मला आगरकरांचे स्मरण झाले, आणि मी ते बोलून दाखवले. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर म्हणजे या प्रदेशाने महाराष्ट्राला दिलेले बुद्धिवादाचे सर्वांत प्रखर रूप. भूत, पिशाच, अंगात येणे, श्राद्ध, पिंड यांतल्या कशालाही त्यांच्या विचारात जागा नव्हती. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळासंबंधीच्या लेखनावरून १८८२ साली टिळकांसह त्यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. आणि वेडा ठरवल्या गेलेल्या एका तरुण राजासाठी तुरुंगात गेलेल्या या माणसाने तिथे हाती घेतले ते भाषांतर होते शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि साताऱ्याचे जुने नाव मिरवणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले, तेव्हा गणपतराव जोशांची त्यातली नायकाची भूमिका महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. म्हणजे ज्या नाटकाची सगळी इमारत एका भुताच्या निवेदनावर उभी आहे, ज्यातून भूत वगळले तर पुढे काही घडूच शकत नाही, ते नाटक मराठीत आणले आपल्या सर्वश्रेष्ठ बुद्धिवाद्याने. आणि त्याने ते भूत गाळले नाही, त्याचा भ्रम केला नाही, त्याला बोलू दिले. मला यात विसंगती दिसत नाही. भूत नाही याची ज्याला पुरती खात्री आहे, त्यालाच ते निर्भयपणे रंगभूमीवर उभे करता येते.

अप्पा : आणि त्या नाटकात तो राजपुत्र करतो काय? भुताने सांगितले म्हणून तो तलवार उपसून धावत नाही. तो म्हणजे माझ्या खात्यातला आदर्श चौकशी अधिकारी. त्याने जबानी घेतली, परंतु जबानी म्हणजे पुरावा नव्हे हे तो जाणतो. म्हणून तो नटांकरवी तसाच खून राजापुढे करवून दाखवतो आणि राजाच्या चेहऱ्यावरून त्या जबानीची रुजुवात घालतो.

डॉक्टर : म्हणजे रुजुवात हवी हे तुम्ही मान्य केलेत. मी तुम्हाला त्याची आठवण पुढे करून देईन.

आगरकरांचा विषय निघाल्यावर अप्पा जपानच्या आगरकरांकडे वळणार हे ठरलेलेच होते, आणि ते साम्य खरोखर लक्षणीय आहे. इनोउए एन्र्यो हा तत्त्वज्ञ आगरकरांहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे १८५८ चा. त्याने १८८६ साली गूढ घटनांच्या संशोधनासाठी मंडळ काढले, पुढच्या वर्षी तत्त्वज्ञानाचे विद्यालय स्थापन केले ज्याचे आज तोयो विद्यापीठ झाले आहे, आणि गावोगाव हिंडून भुतांच्या, झपाटलेल्या घरांच्या, आपोआप हालणाऱ्या मेजांच्या हकिगती गोळा करून त्यांची भौतिक व मानसिक कारणे दाखवून दिली. हा माणूस भुते खोडण्यासाठी निघाला, परंतु खोडण्यापूर्वी त्याने ती लिहून ठेवली, आणि त्याच्या ग्रंथांचे खंड म्हणजे आज जपानी लोककथांचे भांडार झाले आहेत. तोक्योतील त्याच्या तत्त्वज्ञानाच्या उद्यानात प्रवेशद्वाराशीच भुताची आणि पंखवाल्या तेन्गूची मूर्ती बसवलेली आहे. खोट्या गूढांचा निरास केल्यावर जे उरते ते खरे गूढ, अशी त्याची श्रद्धा होती. आगरकरांचे आयुष्य एकोणचाळिशीच्या आतच संपले नसते, तर त्यांच्या लेखणीतून असे काही उतरले असते का, याचा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

अप्पा : एन्र्योने खोडले ते यानागिता कुनिओने जपले, आणि तो तर सरकारी नोकर, कृषी खात्यातला अधिकारी. तोनो नावाच्या डोंगराळ मुलुखातल्या सासाकी किझेन या तरुणाच्या तोंडून ऐकलेल्या ११९ गोष्टी त्याने १९१० साली ‘तोनो मोनोगातारी’ या नावाने प्रसिद्ध केल्या. त्या पुस्तकाची भाषा पाहावी. विशेषण नाही, आश्चर्य नाही, अमक्या गावच्या अमक्या घरची म्हातारी मेली आणि त्या रात्री ती विस्तवाजवळून चालत गेली तेव्हा तिच्या वस्त्राची कड कोळशाच्या डब्याला लागून डबा फिरला, अशा थाटाच्या नोंदी. उत्तम पंचनामा जसा असतो तसा तो ग्रंथ आहे, आणि जपानी गद्याच्या श्रेष्ठ नमुन्यांत त्याची गणना होते. आपल्याकडे असा ग्रंथ लिहिण्याचा अधिकार ज्यांना होता, ते माझ्यासारखे गावोगावच्या चावडीवर उतरणारे अंमलदार. त्यांनी आणेवारी लिहिली, पैसेवारी लिहिली, वतनांचे तंटे लिहिले, आणि रात्री पाटलाच्या ओसरीवर जे ऐकले ते सकाळी विसरून गेले.

डॉक्टर : तुम्ही सोडून दिले म्हणून कोणीच लिहिले नाही असे नाही. नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून झिजेपर्यंत वाचल्या गेल्या, रत्नाकर मतकरींनी गूढकथेला चाळीतल्या आणि सदनिकेतल्या मध्यमवर्गाच्या मनात शिरवले. तरी मला विचाराल तर या प्रदेशातली सर्वांत मोठी भूतकथा लिहिली वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी, आणि तिच्यात भूत नाही. ‘स्मशानातील सोनं’. वारणाकाठचा भीमा मुंबईला येतो, खाण बंद पडते, चितेच्या राखेत त्याला सोने सापडते आणि तो राख चाळू लागतो, मग प्रेते उकरू लागतो, कोल्ह्यांशी झुंजतो. बायको भुतांना भिते. त्याला भुतांचे भय उरलेले नाही, कारण त्याच्या मागे त्याहून मोठे भय लागले आहे. दगडाची खाण पुन्हा सुरू होते तेव्हा त्याची बोटे गेलेली असतात. सगळी सामग्री तुमच्या भूतकथेची आहे, अप्पा. मध्यरात्र, मसण, प्रेत. अण्णा भाऊंनी त्यात भूत आणले असते तर वाचकाला भिण्यासाठी सोयीचे काही मिळाले असते आणि खाणमालक सुटला असता.

हा युक्तिवाद मला या संपूर्ण वादातला सर्वांत बळकट वाटला, आणि अप्पांनीही त्याला तोडीचे उत्तर दिले असे मी म्हणणार नाही. धारपांच्या वाट्याला मराठी समीक्षेने जी उपेक्षा दिली ती अन्याय्य आहे, आणि राही अनिल बर्वे यांचा ‘तुम्बाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये आल्यावर, त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आणि त्याचे बीज धारपांच्या कथेतून आले हे कळल्यावर, पुष्कळांनी धारप प्रथमच वाचले, ही गोष्ट आपल्याला भूषणावह नाही. तरीही त्यांची पुष्कळशी भुते परकी आहेत, इंग्रजी कादंबऱ्यांतून आलेली आहेत, आणि शेवटी त्यांच्या ‘समर्थ’ या नायकाकडून ती पराभूत व्हावीत अशीच त्यांची योजना असते. त्यांना मागणे काही नसते. द. मा. मिरासदारांच्या ‘भुताचा जन्म’मध्ये गावाच्या बोलण्यातून भूत कसे आकाराला येते ते पाहून आपण पोटभर हसतो, आणि ते हसणे आरोग्यदायी आहे. या सर्वांहून निराळा मार्ग मला सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये दिसतो. १९७४ च्या त्या नाटकात मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात आणि जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे असा हट्ट धरतात. मृताचे मागणे आहे, ते साधे आहे, आणि ते पुरे करताना जिवंतांचे सगळे खरेखोटे उघडे पडते. आधुनिक मराठी साहित्याने मृताला बोलू दिल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

डॉक्टर : आता मी तुम्हाला नाटकातून माझ्या खोलीत आणते. नवी सून, दोन वर्षे मूल नाही, सासरी बोलण्याची सोय नाही, माहेरी परतण्याची वाट नाही. एके दिवशी ती घुमू लागते, आवाज बदलतो, सासूला नावाने हाक मारते, तिने दिलेले सगळे त्रास एकेक करून सांगते. आणि ज्या घरात तिचे एक अक्षरही कोणी ऐकले नव्हते ते घर तिच्यापुढे हात जोडून बसते. इथपर्यंत तुमचे म्हणणे मला मान्य आहे, भूत हेच तिला मिळालेले एकमेव व्यासपीठ आहे. पण पुढे काय होते? बोलली ती सून, आणि मार खाते तीच. तिला दोराने बांधतात, मिरचीची धुरी देतात, केस धरून आपटतात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत ही मारहाण, ही धुरी, हे बांधणे नावानिशी लिहिलेले आहे. जपानी वाचक भूतकथा वाचून दिवा मालवतो आणि झोपतो. आमच्याकडे ती कथा ऐकलेला माणूस उद्या सकाळी कोणाच्या तरी अंगात भूत पाहतो. हा फरक तुम्ही जमेस धरीत नाही.

अप्पा : धरतो. म्हणूनच तुला विचारतो, भानामतीच्या तपासात तुम्ही काय करता?

डॉक्टर : घरावर दगड पडतात, कपडे पेटतात, अन्नात घाण निघते. कार्यकर्ते जातात, घरातल्या प्रत्येकाशी स्वतंत्र, शांतपणे बोलतात. बहुतेक वेळा ते करणारे माणूस घरातलेच निघते, गांजलेले, कोणाला काही सांगू न शकलेले. त्याच्याकडून कबुली घेतली जाते, त्याला उपचार किंवा आधार मिळेल असे पाहिले जाते, आणि त्याचे नाव गावाला कधीच सांगितले जात नाही. गावाला एवढेच सांगतात की हे मानवी हातांनी झाले होते आणि ते आता थांबेल.

अप्पा : बाळ, सहाशे वर्षांपूर्वी झेआमीने नोह नाटक घडवले ते याच बेताने. एक प्रवासी भिक्षू येतो, त्याला एक सामान्य दिसणारा माणूस भेटतो, भिक्षू विचारीत जातो आणि तो माणूस बोलत जातो, आणि बोलता बोलता कळते की तो मृत आहे, त्याचे काही सांगायचे राहिले आहे. ‘आत्सुमोरी’त तर विचारणारा भिक्षू म्हणजे पूर्वाश्रमीचा तोच योद्धा, ज्याने त्या कोवळ्या आत्सुमोरीचे मस्तक उडवले होते. मारणाऱ्यानेच बसून ऐकायचे, आणि ऐकून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. त्या भिक्षूला रंगमंचावर करण्यासारखे फार थोडे असते. तो बाजूच्या खांबापाशी बसून राहतो. तुमचा भानामतीचा कार्यकर्ता तोच आहे. फरक एवढाच की तू ज्याला तपास म्हणतेस त्याला मी कथा म्हणतो.

डॉक्टर : फरक एवढाच नाही. माझा कार्यकर्ता जिवंत माणसाचे ऐकतो. आणि तुमच्याच जपानमधल्या अकुतागावाने १९२२ च्या त्या कथेत, ज्यावरून पुढे ‘राशोमोन’ चित्रपट निघाला, मृताला मांत्रिणीच्या तोंडून साक्ष द्यायला लावली, आणि ती साक्ष इतरांच्या साक्षींशी जुळत नाही असे दाखवले. मेला म्हणून माणूस खरे बोलतो असे नाही. रुजुवात, अप्पा!

अप्पा : मान्य. पण जबानीच घेतली नाही तर रुजुवात कशाची घालशील? ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर इशिनोमाकी शहरातल्या टॅक्सीवाल्यांना भेटलेल्या प्रवाशांच्या हकिगती एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी गोळा केल्या. प्रवासी गाडीत बसतो, आता तिथे काहीच उरले नाही अशा वस्तीचे नाव सांगतो, आणि वाटेत नाहीसा होतो. चालकांनी मीटर टाकलेले होते, काहींनी वहीत त्या फेरीची नोंद केली आणि भाडे स्वतःच्या खिशातून भरले, असे त्या मुलाखतींत आहे. त्या विद्यार्थिनीने त्यांना खोटे पाडले नाही, खरेही म्हटले नाही. ती विचारीत गेली. ताइओ कानेता नावाच्या झेन पुरोहिताने तर फिरते कॉफीगृह काढले, जिथे लोक येऊन बसत आणि मनातले बोलत. झपाटल्यासारखे झालेले लोकही त्याच्याकडे आले. आता आपल्याकडे पाहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने हे शहर बुडवले, ब्रह्मनाळला लोकांना सोडवून आणणारी नाव उलटली. घरांचे पंचनामे झाले, जनावरांचे झाले, उसाचे झाले, मयतांच्या वारसांना सानुग्रह अनुदानही मिळाले. त्यानंतर त्या काठच्या माणसांना रात्री नदीवरून कोणाच्या हाका ऐकू येतात, हे कोणी विचारले? हाक खरी की खोटी हे मला ठरवायचे नाही. ऐकणाऱ्याची छाती कशाने भरून आली आहे ते मला लिहून घ्यायचे आहे.

डॉक्टरांनी याला लगेच उत्तर दिले नाही. महापुरानंतरच्या महिन्यांत झोप उडालेल्या, पाण्याच्या आवाजाने दचकणाऱ्या माणसांची आपल्याकडे रीघ लागली होती, हे त्यांनी सांगितले, आणि त्यांतल्या काहींनी मृतांना पाहिल्याचे बोलून दाखवले होते, हेही. आपण त्यांना गोळ्या दिल्या, आणि त्या द्यायलाच हव्या होत्या. परंतु त्या दर्शनांच्या हकिगती आपण लक्षण म्हणून टिपल्या आणि मिटल्या, असे त्या म्हणाल्या. माझे मत विचाराल तर मराठी साहित्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट राहून गेली आहे. चळवळीने भूत उतरवले, ते तिचे कर्तव्य होते; साहित्याने त्याबरोबर भुताचे बोलणेही टाकून दिले, आणि ते करण्याची त्याला काही गरज नव्हती. प्लेगमध्ये ओस पडलेली घरे, कोयनेच्या जलाशयाखाली गेलेली गावे, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप, इतके अकाल मृत्यू ज्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांच्या स्मृतीत आहेत, तिथे तोनोच्या तोडीचा एक ग्रंथ निर्माण होऊ नये, याचे मला मनापासून दुःख होते.

अप्पांनी तेव्हा आपला बेत सांगितला. कृष्णा आणि वारणा यांच्या काठच्या गावांतून अशा हकिगतींची एक नोंदवही करायची. गाव, सांगणाऱ्याचे वय, त्याचे मृताशी नाते, मृत्यूचे कारण आणि मग हकिगत, एवढे रकाने त्यांनी आखूनही ठेवले होते.

डॉक्टर : मृत्यूच्या कारणापुढे आणखी एक रकाना घाला, वेळेवर उपचार मिळाला होता की नाही. आणि जातीचा रकानाही हवा. तो वगळलात तर कोणाला पिंपळ मिळाला आणि कोणाला गावाबाहेरचा डोह, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

अप्पा : घालतो.

डॉक्टर : सांगणाऱ्याचे नाव छापायचे नाही.

अप्पा : यानागिताने घरांची नावे दिली, म्हणून त्याच्या ग्रंथाला वजन आले. नाव नसलेली नोंद म्हणजे निनावी अर्ज. आमच्या कचेरीत तो फाइलबंद होत असे.

डॉक्टर : तर मग मी तुम्हाला एकही गाव दाखवणार नाही. जिने सासूला भूत होऊन सुनावले तिचे नाव छापलेत, तर ती हकिगत तिच्याविरुद्ध पुन्हा वापरली जाईल. भानामतीत आम्ही पाळतो तोच रिवाज तुम्हाला पाळावा लागेल.

अप्पा : गावाचे नाव राहू दे, माणसाचे जाऊ दे. पण भूत उतरवणाऱ्या देवऋषीचीही हकिगत मी घेणार. तोही साक्षीदार आहे.

डॉक्टर : घ्या. मात्र ज्या बाईवर त्याने हात उचलला तिचे म्हणणे त्याच्या आधी घ्यायचे, तो समोर नसताना घ्यायचे, आणि ते घ्यायला मी तुमच्याबरोबर येणार.

अप्पांनी नावाच्या रकान्यावर काट मारली आणि उपचाराचा रकाना मृत्यूच्या कारणाला लागून आखला. जातीच्या रकान्यात सांगणाऱ्याची जात लिहावी की भुताची, यावर मात्र त्यांचे एकमत झाले नाही. डॉक्टरांना दोन्ही हव्या होत्या, आणि अप्पांचे म्हणणे असे की भुताची जात सांगणारा ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत ती हकिगतीत यावी, रकान्यात नव्हे.